होळीच्या आदल्या दिवशी मामू कुठे होता

आमच्या गावात एक पिंजारी होता. गाद्या भरायचा, रजया भरायचा. सगळं गाव त्याला मामू म्हणायचं. त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तो अंगणात पिंजण टांगून बसला आणि तिच्या तातीवर, त्या ताणलेल्या दोरीवर, दांडका मारायला लागला, की तो आवाज चार कोसांवरच्या सिंदीच्या स्टेशनापर्यंत जायचा, आणि घंटा झाली समजून पॅसेंजरचा ड्रायव्हर गाडी सोडून द्यायचा. चार कोस आवाज जात नाही म्हणता? बरं, दोन कोस धरा. रुई अशी फुलवायचा की पाच शेरांचं गाठोडं सोडलं तर संध्याकाळपर्यंत घरच्यांना घरात शिरायला जागा उरायची नाही; लोकांनी गोठ्यात म्हशीशेजारी बसून भाकरी खाल्लेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. एवढं मात्र एका शब्दानेही वाढवून सांगत नाही: गावात एकही गादी अशी नव्हती जिला त्याचा हात लागला नव्हता. माझ्या पाळण्यातली गादी त्याची होती. माझा बाप शेवटचे चार महिने पडून होता, तोही त्याच्याच गादीवर.

मी तेव्हा पंचविशीचा होतो. मॅट्रिकला गणिताने पाडलं, म्हणून गावात येऊन शेती करत होतो आणि गावाचे अर्ज लिहीत होतो. अर्ज फुकट. त्याचा मोबदला एकच: लिहून झाला की पारावर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि लोकांनी मान डोलवायची. विहिरीच्या अर्जात मी लिहिलं होतं की पाण्यावाचून आमची माणसं इतकी वाळली आहेत की वारा सुटला की उडून शेजारच्या गावात पडतात आणि तिथल्यांना जेवू घालावं लागतं. विहीर मंजूर झाली. ती माझ्या अर्जामुळे झाली की त्या वर्षी सगळ्याच गावांना विहिरी मिळाल्या म्हणून झाली, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

छप्पनच्या आसपासची गोष्ट. एक शिपाई सायकलवरून आला आणि मामूच्या हातात कागद ठेवून गेला. मामूला वाचता येत नव्हतं. तो माझ्याकडे आला.

"काय म्हनते पाहा ना, भाचे."

मी वाचलं. कागद म्हणत होता की तुम्ही अमक्या तारखेला सरहद्द ओलांडून गेलात, म्हणून पाकिस्तानचे आहात, परवान्याशिवाय इथे राहता आहात, तरी एका महिन्यात हा देश सोडावा.

मी दोनदा वाचलं. मग हसलो. मामू हसला नाही.

"खरं हाय ते," तो म्हणाला. "मी गेलतो ना."

तो गेला होता, हे गावाला ठाऊक होतं, पण गावाने ते विसरून टाकलं होतं. फाळणीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. मामूला एकच मुलगी. तिचं सासर अमरावतीकडचं. ते लोक कराचीला निघून गेले आणि तिला घेऊन गेले. तिथून कार्ड आलं की पोरीचं बाळंतपण अवघड आहे, ती बापाचं नाव घेते. मामूने पिंजण आमच्या घरी ठेवली आणि निघाला. रेल्वेने मारवाडापर्यंत, तिथून वाळूतून पायी. सरहद्दीवर एका कारकुनाने नाव विचारलं. मामूने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव, तालुका, जिल्हा, धंदा सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं असेल. पोहोचला तेव्हा मुलगी जाऊन नऊ दिवस झाले होते. बाळही वाचलं नव्हतं. सहा-सात महिने तो तिथे अडकला, परवान्यासाठी खेटे घातले, मग एक दिवस कोणालाही न विचारता ज्या वाळूतून गेला होता तिच्यातूनच परत आला. आमच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि आईला म्हणाला, "बाई, माही पिंजण द्या जी." आईने पिंजण दिली आणि भाकरी दिली. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. गावाच्या लेखी एवढाच काय तो परदेश.

आणि आता कागद.

त्या संध्याकाळी पारावर गाव जमलं. पोलीस पाटील म्हणाले, "नियम सगळ्याईले एकच असते. मी त काय करू?" त्यांना लोकांनी असं झापलं की त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि घरी जाईपर्यंत पुन्हा घातलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभा राहिलो. असा उभा राहिलो, की त्या पाराला तेवढा उंच माणूस पुन्हा दिसला नसेल. मी म्हणालो, "तो गेलाच नाही असं लिहू!"

"पर कागदावर तारीख हाय ना त्याची," कोणीतरी म्हणालं.

"तारखेलेच पकडू. त्या तारखेले मामू कुठी होता?"

त्या सालचं जुनं पंचांग आणलं. ती तारीख होळीच्या आदल्या दिवसाची निघाली. झालं! होळीच्या आदल्या दिवशी मामू इथे, गावात, गादी भरत होता. साक्षीदार कोण? पारामागच्या घरातली म्हातारी. तिच्या धाकट्या लेकीचं लग्न त्याच साली झालं होतं आणि रुखवतातली गादी मामूनेच भरली होती. पण होळीच्या आधी महिनाभर भरली होती. म्हातारीला तो महिना काढून टाकायला काहीच जड गेलं नाही.

मी कंदिलाजवळ बसून तिचं बयान लिहिलं. काय लिहिलं होतं! त्या दिवशी सकाळपासून हा माणूस माझ्या अंगणात रुई पिंजत होता, रुईचे तंतू माझ्या केसांत बसले होते, लेकीच्या गादीला चार कोपऱ्यांत त्याने चार लाल दोरे घातले आणि म्हणाला, बाई, पोरगी सुखात निजेल. हे वाक्य वाचलं तेव्हा पारावर बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. स्वतः म्हातारीही रडली. जे झालंच नव्हतं त्याच्यासाठी.

आणि तिथे ती चूक झाली. ती आमच्याच गावात होऊ शकते. दुसरी एक बाई उठली. "माह्या घरीबी भरली ना त्यानं गादी! मले काऊन सोडता?" तिच्या मागून तिचा दीर. मग कुंभारवाड्यातले. मग बौद्धवाड्यातले, त्यांनी नुकतीच दीक्षा घेतली होती आणि ते म्हणाले, आमचंही नाव पायजे, पहिलं पायजे. पंगतीला वगळलं तर जसं लागतं तसं लोकांना लागायला लागलं. मी एकेकाला वेगळा दिवस, वेगळं काम लिहून देऊ पाहत होतो. पण प्रत्येकाला म्हातारीसारखंच हवं होतं. होळीचा आदला दिवस. लाल दोरे. पोरगी सुखात निजेल. ज्याला मुलगीच नव्हती त्यानेसुद्धा.

"लेका, तिच्या बयानात लाल दोरे अन् माह्या बयानात नाई?"

सत्तावीस बयानं झाली. सत्तावीस अंगठे. एका माणसाने सांगितलं तर शंका येते, मी मनात म्हणालो. सत्तावीस माणसांनी सांगितलं तर सरकारला मान खाली घालावी लागेल.

एका माणसाने अंगठा दिला नाही. तो गावचा नव्हता. दर बाजाराला पाठीवर गठ्ठा घेऊन येणारा कापडवाला. सिंधमधून उठून आलेला निर्वासित, वर्ध्यात एका पडवीत राहायचा. त्याने माझा कागद ऐकून घेतला आणि मान हलवली.

"मास्टर, ये झूठ है. मत लिखो. वो गया था, लिखो गया था. बेटी मर रही थी, लिखो. वापस आया, लिखो."

"सच लिखूंगा तो निकाल देंगे, सेठ."

"झूठ लिखोगे तो जरूर निकालेंगे." तो पाराच्या ओट्यावर बसला. "मैं आया तब मेरे पास कौन सा कागज था? नाम पूछा, नाम बताया. गांव पूछा, गांव बताया. लिख लिया, कार्ड दे दिया. मैं वहां पैदा हुआ, मुझे यहां का बना दिया. ये यहां पैदा हुआ, इसको वहां का बना रहे हैं. मेरे घर में आज कोई और सोता है, मास्टर. गुस्सा मुझको भी आता है. पर इसने मेरा घर नहीं लिया. मैं लिख के दूंगा, ये आदमी उसी रेत से आया है जिससे मैं आया."

मी त्याचा खांदा थोपटला. म्हणालो, सेठ, तुम्ही कापड विका. तो गठ्ठा उचलून गेला. एवढ्या सगळ्या माणसांत खरं बयान देणारा तो एकटा होता, आणि त्याला मीच हुसकावलं.

वर्ध्याच्या कचेरीत आम्ही तीन बैलगाड्या भरून गेलो. साहेब तरुण होते, डोळ्यांखाली काळं. टेबलावर फायलींच्या अशा चळती की ते मधूनमधून दिसायचे. मामूला खुर्ची दिली. मामू बसला नाही. साहेबांनी माझी बयानं एकामागून एक वाचायला घेतली. पाच वाचली. सहावं वाचताना थांबले. मग भराभर उलटली.

"होळीच्या आदल्या दिवशी," ते म्हणाले, "या माणसाने सत्तावीस घरी गाद्या भरल्या?"

बाहेरून म्हातारी मोठ्याने म्हणाली, "लय कामाचा मानूस हाय जी!"

खोलीत कारकून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"चांगलं लिहिता." त्यांनी चष्मा काढला. "तो खरंच का गेला होता?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच काही न वाढवता सांगितलं, आणि दोन मिनिटांत संपलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट.

साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "नवा कायदा आला आहे. इथे जन्मलेल्या माणसाची नोंद करून घ्यायची सोय आहे. वाट लांब आहे, पण आहे. तुम्ही एवढंच लिहून आणलं असतं, मुलगी आजारी, गेलो, परत आलो, तर मी शिफारस करून वर पाठवलं असतं. आता या फायलीत सत्तावीस खोटी बयानं आहेत. वरचा माणूस पहिलं काय बघेल?"

मी म्हणालो, "साहेब, खोटं आम्ही बोललो. तो नाही बोलला."

"ते मला कळतं."

"तो इथे जन्मला. त्याला जन्मभर या गावाने पाहिलं आहे. एका मुलीसाठी सहा-सात महिने गेला तर तो तिकडचा कसा?"

"मग मला एक सांगा," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून मला तो जास्त लागला. "तिकडे परवान्यासाठी माणसं बसून आहेत. इथेच जन्मलेली. वाळूतून येत नाहीत, कारण नियम आहे. त्यांची पत्रं मी रोज वाचतो. याला ठेवलं तर त्यांना काय लिहू? की तुम्ही नियम पाळला, म्हणून तिकडेच राहा?"

 याचं उत्तर मला आज एवढ्या वर्षांनी सुचतं ते असं, की त्यांनाही येऊ द्या. पण ते उत्तर त्या टेबलावर चाललं असतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. दारं बंद ठेवायची आणि मग आत शिरलेल्या म्हाताऱ्याला विचारायचं की तू दारातून का नाही आलास, एवढं मात्र मला न्यायाचं वाटत नाही. साहेबांनाही वाटत नसावं. कारण मी उठलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "पंधरा दिवस आहेत. ही बयानं लोकांनी परत घ्यावी. चूक झाली म्हणून लिहून द्यावं. मग खरी हकीकत नव्याने द्या. मी बघतो."

परतताना मी गाडीत उड्या मारत होतो. सत्तावीस अंगठे काय, मी एका संध्याकाळी आणीन!

एकही आणता आला नाही.

म्हातारीकडे पहिल्यांदा गेलो. तिला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे मी असं म्हनू का मामूनं माह्या लेकीची गादी नाई भरली?"

"भरली, माय. पर त्या दिवशी नाई."

"त्याच दिवशी भरली. तूच त लिवलं."

"ते मी मनानं लिवलं होतं!"

"मले आठवते ना बापा. लाल दोरे." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मामूला मीच हाकलतो आहे. "तो काल आपला होता अन् आता कचेरीत गेला म्हनून आपला नाई? माहा अंगठा मी मांगं घेनार नाई. मले नरकात जा लागते."

घरोघरी तेच. मी बयान असं लिहिलं होतं की त्यांना ते खरंच आठवायला लागलं होतं. त्यांच्या लेखी अंगठा मागे घेणं म्हणजे मामूला नाकारणं. बौद्धवाड्यातला एक तरुण, चांगला सातवी शिकलेला, म्हणाला, "आजवर आमच्या नावाचा कागद कोनी घेतला नोयता. पयल्यांदा घेतला, अन् तुम्ही म्हनता खोटा होता म्हना." मी त्याच्या अंगणातून परत आलो. कोणीही वाईटपणाने नाही म्हणालं नाही. सगळे मायेने नाही म्हणाले. माया नसती तर मी अंगठे विकतसुद्धा घेतले असते.

शेवटी मामूकडे गेलो. म्हटलं, तू एकट्याने साहेबासमोर सांग, मी गेलो होतो, गाव खोटं बोललं.

मामू दारात तातीला तेल लावत बसला होता. तो सावकाश म्हणाला, "म्हंजे गावाले खोटं पाडू?"

"तुझ्यासाठीच बोलले ते."

"म्हनूनच." त्याने तात ओढून पाहिली. "भाचे, खोटी साक्ष देल्ली म्हनून त्या बुढीले जेलात टाकलं त?"

"नाही टाकणार. साहेब चांगला आहे."

"हा चांगला हाय. दुसरा आला त?" मग तेलाची वाटी बाजूला ठेवून तो म्हणाला, "पोरीच्या वक्ताले मी नऊ दिवस उशिरा पोचलो. माह्या नशिबात वक्तच नाई, बापा. तू नको रडू."

मी रडत नव्हतो, असं मी तेव्हा म्हणालो. पंधराव्या दिवशी मामूने वर्ध्याला जाऊन कागदावर अंगठा उमटवला, की मी आपणहून जातो. साहेबांनी त्याला आणखी आठ दिवस दिले. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

त्या आठ दिवसांत त्याने गावातल्या जेवढ्या जुन्या गाद्या पुन्हा पिंजता येतील तेवढ्या पिंजल्या. लोक नको म्हणायचे, तो ऐकायचा नाही. आमची रजई उसवून त्याने पुन्हा भरली आणि आईला सांगितलं, "बाई, दोन सालानं उन्हात उलगडून घेजा, नाई त गाठी होतीन."

सिंदी स्टेशनवर सकाळच्या गाडीला गाव आलं. बरोबर शिपाई होता, तोच सायकलवाला; मामूची पेटी त्याच्याच डोक्यावर होती, कारण मामूला पेटी उचलू द्यायला कोणी तयार नव्हतं आणि पेटीवरून भांडण नको म्हणून शिपायाने ती स्वतः घेतली. बायकांनी दशम्या बांधून दिल्या. इतक्या, की मामू कराचीपर्यंत दोनदा जाऊन आला असता तरी उरल्या असत्या. ही थाप नाही.

कापडवालाही आला होता. त्याने मामूच्या खांद्यावर एक नवा पंचा टाकला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. मनात वाक्य तयार होतं: हे माझ्यामुळे झालं. गाडी आली. मामू डब्यात चढला. म्हातारी एकदम ओरडून रडायला लागली, तिच्यामागे सगळ्या बायका. खिडकीतला मामूचा चेहरा असा झाला, जसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "अरे रडता काऊन? मले आतल्या गोटातून खबर हाये! साहेबानं वर लिवलं. सहा महिन्यांत मामूले वापस बलावनार, सरकारी खर्चानं, फस्ट क्लासच्या डब्यात!"

सगळे थांबले. कोणीतरी हसलं. म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "खरं?"

"कचेरीतून ऐकून आलो."

मामूने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याने मान डोलावली आणि म्हातारीला म्हणाला, "हो, बाई. सहा महिन्याची त बात हाय." गाडी हलली. हसऱ्या चेहऱ्यांनी गावाने त्याला निरोप दिला.

त्याचं कार्ड एकच आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: पोहोचलो, इथेही कागद मागतात. त्यानंतर काही नाही. मी ते कार्ड कोणाला वाचून दाखवलं नाही.

सहा महिने झाले, वर्ष झालं. पुढे आर्वीकडचा एक पिंजारी गावात फिरायला लागला. स्वस्तात भरायचा, हातही वाईट नव्हता. हळूहळू लोकांनी त्याच्याकडून गाद्या करून घेतल्या. म्हातारीने नाही. तिच्या गादीत गाठी झाल्या, मधे खड्डा पडला, तिची कंबर धरली. लेक माहेरी आली की चिडायची, "माय, भरून काऊन नाई घेत?" दरसाल कापसाची वेचणी झाली की म्हातारी पाच शेर चांगली रुई बाजूला काढून पोत्यात बांधायची आणि माळ्यावर ठेवायची. दारात आलेल्या पिंजाऱ्याला ती गोडीने पाणी द्यायची आणि म्हणायची, "नाई बापा, आमचा येऊन राह्यला, वाटेतच हाय."

मग माझ्याकडे वळून विचारायची, "काय रे, काही खबर?"

आणि मी दरवेळी तिला काहीतरी खबर द्यायचो.